पिंजारपुऱ्यातला नळ

पिंजारपुऱ्याच्या तोंडाशी जो सार्वजनिक नळ होता, तो मी मोडला. कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, घेऊन आलेल्या लोकांनी नाही मोडला, पोरांनी नाही, कुण्या पिऊन आलेल्यानं नाही. नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागातल्या व्हॉल्व्हमननं, म्हणजे मी, नगरपालिकेच्याच घणानं, भर दुपारी मोडला. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. देवापुढं बसूनसुद्धा नाही, कारण देवाला सांगून पिंजारपुऱ्याला काय मिळणार होतं? माझा स्वभाव मुळात कमी बोलण्याचा. लोकांना वाटतं, कमी बोलणारा माणूस खोल असतो. तसं काही नसतं. कधी कधी तोंडाला फक्त बूच मारलेलं असतं.

दिवाळी सरली की आमच्या गावाच्या हवेत काहीतरी पांढरं, बारीक उडायला लागतं. नगरपालिका आहे म्हणून कागदोपत्री हे शहर, पण आम्ही गावच म्हणतो. ते पांढरं विजेच्या तारांवर बसतं, बाभळीच्या काट्यांत अडकतं, शाळेतल्या पोरांच्या केसांत शिरतं, आणि सगळ्यात जास्त नाल्यांच्या कडांना चिकटून, भिजून काळं होतं. जिनिंगमधून सरकीचा तेलकट, गोडसर वास येतो. सकाळी दव असलं की तो जमिनीलगत राहतो, ऊन चढलं की डोक्याएवढा उंच होतो. ह्या वासावरून मी महिना सांगू शकतो. आणि दरवर्षी ह्या वासानं माझ्या उजव्या तळव्याला काहीतरी होतं. घणाचा दांडा धरल्यासारखं.

यंदाही झालं. राळेगाव रोडवर कापसाच्या पिकअप गाड्यांची रांग लागली होती. आता बंड्या येत नाहीत. एक ड्रायव्हर रिकामी बाटली घेऊन कोपऱ्यावरच्या हॉटेलात गेला आणि पाणी मागितलं. हॉटेलवाल्यानं त्याच्याकडे न बघताच फ्रिजकडे बोट दाखवलं. "विकतची घे ना भाऊ. इथं कोठी नळ हाये का?"

मी सायकल थांबवली. कारण त्या हॉटेलच्या पायरीपासून चार हातांवर नळ होता. तीन तोट्यांचं लोखंडी नळकोंडाळं, खाली सिमेंटचा ओटा, आणि ओट्याला लागून जनावरांसाठी हौदी. ओटा अजून आहे. त्यावर आता हॉटेलची सिलिंडरं ठेवतात.

नळ मोडला त्या वर्षांबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. कापसाचं काय झालं, भाव का पडले, कुणी काय केलं, ह्यावर मोठमोठी माणसं बोलली. मी त्यातलं काही सांगणार नाही, कारण मला ते कळत नाही. मला पाणी कळतं. कापूस एकाधिकार खरेदीचे शेवटचे दिवस होते. कापूस सरकारी केंद्रावरच द्यायचा, आणि केंद्राचा काटा रोज चालेलच असं नसायचं. कधी कापसाच्या गंजीला जागा नाही, कधी प्रत ठरवणारा ग्रेडर नाही, कधी नुसतंच "उद्या या". उद्या या म्हटल्यावर बंडी काही घरी परत जात नसते. ती जागेवर उभी राहते, कारण जागा सोडली की नंबर गेला. मग केंद्राच्या फाटकापासून निघालेली रांग वाढत वाढत राळेगाव रोडनं येऊन पिंजारपुऱ्याला टेकायची. बैल सोडलेले, जू जमिनीवर टेकलेलं, बंडीखाली सावलीत म्हातारा झोपलेला, आणि मागच्या चाकाशी तीन दगडांची चूल. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांच्या, काड्यांचा धूर डोळ्यांत शिरायचा. गावातल्या लोकांना त्या रांगेचा त्रास व्हायचा. स्कूटर जात नाही, शेण पडतं, दुकान झाकलं जातं. त्रास खराच होता. पण रांगेतल्या माणसाला तहानही खरीच लागते.

पिंजारपुऱ्यातला तो नळ पालिकेचा होता, पण चालवायची जैबूनबी. रहीमभाई पिंजाऱ्याची बायको. घरात कापूस पिंजायचं यंत्र, अंगणात गाद्या-रजया वाळत टाकलेल्या, आणि हिच्या केसांत, भुवयांवर कायम कापूस. त्यामुळे तिचे केस खरे कधी पांढरे झाले ते कुणालाच समजलं नाही. नळ तिच्या दारासमोर, म्हणून नळावरचं भांडण तिच्या दारात, म्हणून न्यायनिवाडा तिच्याकडे. तिची एक रीत होती. रांगेत गुंड्या, म्हणजे पाण्याची भांडी, ठेवायच्या नाहीत, कारण गुंड्या चोरीला जायच्या किंवा पुढं सरकवल्या जायच्या. प्रत्येक घरानं आपला दगड ठेवायचा. कुणाची अर्धी वीट, कुणाचा निळा रंग लागलेला गोटा, कुणाच्या फुटक्या जात्याची पाळ. तिचा स्वतःचा दगड म्हणजे तुटका वरवंटा. पाणी सुटायच्या आधी ओट्यापासून गल्लीपर्यंत दगडांची ओळ लागलेली असायची, आणि कुठला दगड कुणाचा हे पोरांनाही पाठ. दगडाला कुणी हात लावला तर जैबूनबी घरातून नुसती खाकरायची. तेवढं पुरायचं.

बंड्या आल्या त्या पहिल्या हंगामात तिनं त्या ओळीत एक मोठा काळा दगड आणून ठेवला. गल्लीतल्या बायकांनी विचारलं, हा कोनाचा?

"बंडीवाल्याइचा," ती म्हणाली. "त्यायचा बी नंबर लागन. आन् हौदी पहिले. जनावराले बोलता येत नाई, त्याले रांग कशी समजन?"

"चाची, पानी आपल्यालेच पुरत नाई."

"मंग त्यायले दिल्यानं काय जास्त कमी होनार हाये? आन् काही झालं तं मी हावो ना. मी जामीन."

ती असं म्हणाली तेव्हा मी तिथंच होतो, व्हॉल्व्हच्या खड्ड्यात वाकलेला. मला ते शब्द चांगले आठवतात, कारण पुढं त्या शब्दांवरूनच तिला सोलून काढलं लोकांनी.

व्हॉल्व्हमन म्हणजे काय हे ज्याच्या घरी पाण्याची मोटार आहे त्याला समजणार नाही. कंबरेएवढी लोखंडी चावी, खाली चौकोनी तोंड. हिवाळ्यात पहाटे ती हातात घेतली की हाड थिजायचं. खड्ड्याचं झाकण काढायचं, चावी बसवायची, आणि फिरवायच्या आधी तिच्या वरच्या टोकाला कान लावायचा. पाइपातलं पाणी बोलतं. भरून आलेलं पाणी जड आवाज करतं, अर्धं पाणी शिट्टी मारतं, आणि हवा असली की म्हातारा खोकल्यासारखं होतं. मला ते आवडायचं. गल्लीतून चावी खांद्यावर टाकून निघालो की लोक दारात यायचे. "चहा घे ना सुधाकर." "आमच्याकडं जरा जास्त वेळ ठेवजो भाऊ." ज्या माणसाला घरात कुणी विचारत नव्हतं, त्याला गल्ली नावानं ओळखायची. मी रोजंदारीवर होतो. विभागातले कायम लोक मला 'अबे रोजंदारी' म्हणायचे. पण गल्लीला काय माहीत.

आमचे पाणीपुरवठा निरीक्षक उमरे साहेब. वाईट माणूस नव्हे, हे लिहिलं पाहिजे. कुणाच्या घरी मयत झाली की पहिला टँकर तेच पाठवायचे. एका दुपारी त्यांनी मला बोलावलं. अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. वॉर्डाच्या मेंबरच्या भावानं त्याच रोडला, पिंजारपुऱ्याच्या पुढं, लॉज बांधलं होतं. तिथं वरच्या मजल्यावर पाणी चढत नव्हतं. नळकोंडाळं बंद झालं की चढणार होतं.

"बंद करायचा आहे का साहेब?" मी विचारलं.

"बंद कराले ठराव लागते, सुधाकर. सभेत विषय ठेवा, विरोधातले बोंबलते, पेपरात येते." त्यांनी सुपारीचं खांड माझ्यापुढं धरलं. "मोडाले ठराव लागत नाई. नळ मोडला की लोकंच तक्रार करते, पानी वाया जाऊन राह्यलं म्हनून. आपन जातो, बूच मारतो. तात्पुरतं."

"मोडणार कोण?"

"ज्याले कायम व्हायचं हाये तो."

ह्यानंतर त्यांनी बाकी काही सांगितलं नाही. धमकी दिली नाही, आवाज चढवला नाही. सुपारी मात्र मी खाल्ली. तिची चव अजून जिभेवर आहे असं म्हणणं लेखात शोभलं असतं, पण खरं सांगायचं तर चव काही विशेष नव्हती. नेहमीचीच सुपारी होती. मोठ्या गोष्टी आमच्या ऑफिसात अशाच होतात, नेहमीच्या सुपारीवर.

मी दोन-तीनदा घण घेऊन गेलो आणि परत आलो. रोडवर सदा माणसं. मग एक दिवस दुपारी अचानक आरोळी उठली की काटा चालू झाला. अख्खी रांग जागी झाली. बैल जुंपले गेले, चाकं कुरकुरली, बाया चुलीवरची भाकर तशीच फडक्यात गुंडाळून बंडीत चढल्या, आणि बघता बघता राळेगाव रोड रिकामा. गल्लीतली माणसं गंमत बघायला बंड्यांमागं फाटकापर्यंत गेली. मागं राहिलं शेण, कडब्याचा पाचोळा, विझत आलेल्या चुली, आणि मी.

लोखंड लवकर मोडत नाही. पहिल्या घावाला नुसता ठणका आला, दातांपर्यंत. दगडांची ओळ माझ्या पायाशी होती आणि मला ते दगड बघत आहेत असं वाटलं, म्हणून मी पाठ फिरवून उभा राहिलो. नळकोंडाळ्याची मान गेली तेव्हा पाणी माणसाएवढं उंच उडालं. हिवाळ्याचं ऊन त्यातून आरपार दिसत होतं. रोडवर पाणी पसरलं आणि त्यावर सगळीकडून कापसाचे पुंजके तरंगत आले, जसे काही तेही तिथं पाणी प्यायला आले होते. मी घण पोत्यात टाकला, सायकलला लावला आणि ऑफिसला गेलो. तक्रार आली तेव्हा मीच बूच मारायला परत आलो.

पंचनाम्यात लिहिलं गेलं की कापूस घेऊन आलेल्या अज्ञात इसमांनी जाता जाता नळाची नासधूस केली. कुणाला शंका आली नाही. बंड्या होत्या तोवर नळ होता, बंड्या गेल्या आणि नळ मोडलेला सापडला. ह्याहून सरळ हिशेब काय असतो? पिंजारपुऱ्यातल्या बायका जैबूनबीच्या दारात जमल्या. "घे चाची, तुह्या पाहुन्याइनं उपकार फेडले. आता जामीन भर." काळा दगड कुणीतरी उचलून नालीत फेकला. बाकीचे दगड तसेच राहिले, रांगेत, पाण्याची वाट बघत. कितीतरी दिवस कुणी ते उचलले नाहीत, कारण साहेबांनी तात्पुरतं म्हटलं होतं.

आणि मग ती ऑफिसात आली. सकाळी ऑफिस उघडायच्या वेळेला, कंबरेवर रिकामी पितळी गुंडी. ती गुंडी तिनं उमरे साहेबांच्या टेबलावर, काचेवर ठेवली.

"साहेब, भरून द्या."

"ही नगरपालिका हाये बाई. पानवठा नाई."

"भाईर पाटी तं तुमचीच हाये. पाणीपुरवठा. का तो दुसऱ्या गावचा हाये?"

चपराशी हसला. साहेबांनी मान न उचलता म्हटलं, "सुधाकर, भरून दे आन् पाठव."

मी ऑफिसमागच्या नळावरून गुंडी भरून आणली. तिनं ती कंबरेवर घेतली, पण गेली नाही. "पानी झालं. आता नाव सांगा. कोनं मोडला?"

"पंचनाम्यात लिहिलं हाये. बंडीवाल्याइनं."

"बंडीवाल्याचं नाव काय?"

"अज्ञात इसम."

"बरं," ती म्हणाली. "मी विचारून पायतो रांगेत. अज्ञात कोन हाये बाप्पा म्हनून."

दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. तिसऱ्या दिवशीही. गुंडी टेबलावर, पाणी, आणि मग दारात उभी राहून तोच प्रश्न: "सापडला का साहेब अज्ञात?" ऑफिसात त्याची थट्टा झाली. कारकून एकमेकांना अज्ञात म्हणायला लागले. एखादी फाइल हरवली की म्हणायचे, अज्ञातनं नेली. ती आली की तेच लोक कागदात बघायचे. मुख्याधिकाऱ्यांनी एकदा तिला आत बोलावून सांगितलं की तुमच्या घरी वैयक्तिक नळजोडणी करून देतो, खास बाब म्हणून, आणि विषय मिटवा. ती बाहेर आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मले घरात नळ कायले पायजे? मी काय घरात जामीन राह्यली होती? रोडवर राह्यली होती. रोडवरच सांगा."

एकदा तिच्याबरोबर मोतीबाई आली. राळेगावकडच्या एका तांड्यावरची. तिची बंडी पुन्हा रांगेत लागली होती आणि ह्या वेळेला तिला गल्लीतल्या बायकांनी नावं ठेवून हाकललं होतं. ती जैबूनबीला याडी म्हणायची. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. मोतीबाईनं साहेबांना एवढंच विचारलं, "माह्ये बैल दोन टायम त्याच नळाचं पानी पेत. मी कायले मोडन तो?" साहेब सुपारी कातरत राहिले. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली वाकून चावीच्या तोंडाला ग्रीस लावत होतो. ज्या चावीला ग्रीस लागत नाही अशा चावीला.

इथं कुणी म्हणेल, लहान नोकर होता, पोट होतं, वरून सांगितलं होतं, काय करणार. कृपा करून असं म्हणू नका. ही सवलत मी स्वतःला फार वर्षं देऊन पाहिली आहे, आणि ती चालत नाही. मी नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं? मी रोजंदारीवर राहिलो असतो. जिनिंगमध्ये गेलो असतो. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कुठं तरी लागलो असतो. आमच्या गावात माणसं असंही जगतात. उपाशी मरायची वेळ नव्हती. फक्त लोक मला 'अबे' म्हणाले असते. 'अबे' ऐकायचं नव्हतं म्हणून मी नळ मोडला. नळ तात्पुरता बंद झाला आणि मी कायम झालो. ऑर्डर आली त्या दिवशी मी ऑफिसात पेढे वाटले, आणि गुंडी भरायला आलेल्या जैबूनबीलाही एक दिला. तिनं घेतला. "बेटा, तुह्या हातचं पानी रोज पेतो, आता पेढा बी खाल्ला," म्हणाली.

तो हंगाम सरला. पऱ्हाटी उपटून शेतं रिकामी झाली आणि रोडवरून बंड्या गेल्या. तिचं येणंही मग कमी झालं, कारण रहीमभाई आजारी पडले. पुढच्या हंगामात रांग आली तेव्हा गावातल्या प्रत्येक नळावरून बंडीवाल्यांना हाकललं गेलं. पिंजारपुऱ्यात पाह्यलं ना यायनं काय केलं, असं म्हणून. ते लोक मग घरून पिंपात पाणी भरून आणायला लागले. कापसाच्या गाठोड्यांवर पाण्याचं पिंप. आणि नंतर गावातले सार्वजनिक नळ एकेक करून मोडत गेले. बसस्थानकाजवळचा, आठवडी बाजारातला, वणीकडं जाणाऱ्या रस्त्यावरचा. ते मी मोडले नाहीत. पण पद्धत माझी होती. ठराव एकाचाही नाही. सगळे अज्ञात इसमांनी मोडलेले, सगळ्यांना तात्पुरतं बूच.

एक गोष्ट आणखी. पिंजारपुऱ्याचा नळ मुख्य लाइनीपासून तोडायचा होता, तो मी तोडला नाही. नुसतं बूच मारलं. ओट्याखालची लाइन इतकी वर्षं जिवंत आहे, पाणी येऊन उभं राहतं आणि परत जातं. हे मी दयेनं केलं असं लिहिलं असतं तर वाचणाऱ्याला बरं वाटलं असतं, मलाही वाटलं असतं. पण खरं कारण असं की तोडायला डांबरी रोड खोदावा लागला असता, आणि मला त्या जागी दिवसभर उभं राहायचं नव्हतं.

आज मी त्याच विभागात पर्यवेक्षक आहे. निवृत्ती जवळ आली आहे. पिकअपवाल्या ड्रायव्हरला बघून मी ऑफिसात पोचलो त्याच दिवशी टेबलावर एक प्रमाणपत्र आलं होतं. शहरात आता घरोघरी नळ आहेत आणि एकही सार्वजनिक नळ अस्तित्वात नाही, असं वरच्या कार्यालयाला कळवायचं. खाली माझी सही हवी होती. आमच्या इंजिनिअर मॅडम नव्या आहेत, मुलीच्या वयाच्या, कामाला चांगल्या.

"सुधाकरभाऊ, एवढी सही करून टाका ना."

"हे खरं नाही मॅडम. सार्वजनिक नळ आहेत."

"कुठं आहेत? मी तर एकही पाहिला नाही."

"नादुरुस्त आहेत. बंद केल्याचा ठराव दाखवा, लगेच सही करतो."

त्यांनी जुने ठराव काढायला लावले. ठराव निघाला नाही, कारण तो नव्हताच. त्यांनी शेवटची फाइल मिटली. "मग आता?"

"मग दुरुस्ती करायची. दुरुस्तीला ठराव लागत नाही. हे मला तुम्ही बसला आहात त्याच टेबलावर शिकवलं गेलं आहे."

संध्याकाळपर्यंत मेंबरचा फोन आला. त्या वेळच्या मेंबरचाच मुलगा आता मेंबर आहे. "काका, निवृत्तीच्या टायमाले कायले जुनं उकरून राह्यले?"

"उकरल्याशिवाय नळ निघत नाई ना भाऊ. मातीखाली हाये तो."

"तिथं हॉटेल हाये आपलं. नोटीस येईन तुम्हाले."

"येऊ दे. घरी भिंत रिकामी हाये, तिथं लावतो."

आयुष्यात पहिल्यांदा मी फोन आधी ठेवला. तळव्यातलं ते घणाचं दुखणं त्या रात्री नव्हतं.

सोमवारी भर दुपारी गेलो. मुद्दाम दुपारीच. दोन फिटर, नवा पाइप, तीन तोट्या. हॉटेलवाल्याला सिलिंडरं उचलायला लावली. तो बडबडत होता, मी ऐकत नव्हतो. ओटा फोडला. बूच गंजून पाइपाचाच भाग झालं होतं, त्याला तापवावं लागलं. चावी लावून टोकाला कान टेकवला आणि खाली आवाज होता. जड, भरलेला. इतकी वर्षं तिथंच. बूच निघालं तेव्हा आधी गंजाचं लाल पाणी आलं, मग काळं, मग हळूहळू नितळ.

आवाज ऐकून गल्ली बाहेर आली. बहुतेकांच्या घरी आता नळ आहेत, मोटारी आहेत, तरी बाया भांडी घेऊन आल्या. फुकटचं नव्हे, रोडवरचं पाणी बघायला आल्या. आणि त्यांच्या मागून, नातीचा खांदा धरून, जैबूनबी. पार वाकलेली. आता केसांत कापूस नाही, आता खरेच पांढरे. तिनं पाण्याखाली हात धरला, चेहऱ्यावरून फिरवला आणि नातीला काहीतरी सांगितलं. पोरगी घरात गेली आणि दारापाशी टेकू म्हणून लावलेला एक मोठा काळा दगड दोन्ही हातांनी उचलून घेऊन आली.

तो नालीत टाकलेला दगड तिनं तेव्हाच काढून, धुऊन, घरी नेऊन ठेवला होता. इतकी वर्षं तिच्या दाराला तोच लावलेला होता. गल्लीनं रोज पाहिला, कुणी ओळखला नाही. तिनं तो ओट्याशी पहिल्या नंबरला ठेवायला लावला. मग रोडवर उभ्या पिकअपकडे बोट केलं. "त्या पोराले बलाव. त्याचा नंबर हाये."

ड्रायव्हर बाटली घेऊन आला. त्याला काहीच समजलं नाही. त्यानं बाटली भरली, तोंड धुतलं आणि थँक्यू म्हणाला. जैबूनबी हसली. मग माझ्याकडे वळली, डोळे बारीक करून ओळखलं आणि माझ्या डोक्यावर ओला हात ठेवला.

"तू सुधाकर ना? तूच माही गुंडी भरून देत होता हापिसात. सारे हसत होते तवा तूच एकटा हसत नव्हता. मले याद हाये. अल्ला तुले बरकत देवो, बेटा."

बाया 'हो ना चाची' म्हणत होत्या, पोरं पाणी उडवत होती, फिटर तोटी आवळत होते. माझ्या तोंडापर्यंत ते आलं. आलं आणि तिथंच उभं राहिलं, बुचामागच्या पाण्यासारखं. मी वाकून तिच्या पायाला हात लावला आणि सायकलवर बसून निघून आलो. ती दुवा माझी नाही. ती माझ्या डोक्यावर चुकीच्या पत्त्यावर आलेली आहे आणि ती घेऊन मी चार दिवस फिरतो आहे.

नोटीस आली आहे. काम विनापरवानगी केलं म्हणून खुलासा मागितला आहे. खुलासा लिहिला आहे, एका ओळीचा: नळ नादुरुस्त होता, दुरुस्त केला, मोडलाही मीच होता. तो येत्या सोमवारी देईन. ऑफिसची मला आता भीती नाही, आणि तिथं माझं काही देणंही उरलेलं नाही. त्यांनी मला कायम केलं, मी त्यांच्यासाठी पुष्कळ मोडलं. फिटंफाट झाली.

जैबूनबीला मराठी वाचता येत नाही, म्हणून हे नुसतं लिहून भागणार नाही. मोतीबाई कोणत्या तांड्यावर असते हे मला माहीत नाही, पण जैबूनबीला माहीत असेल. त्या दोघींना खरं पाणी नको होतं, पाणी तर कुठूनही मिळतं. त्यांनी नाव मागितलं होतं. नळ मी दिला. नाव द्यायचं राहिलं आहे. ते नाव माझं आहे, आणि ते रोडवर, त्या काळ्या दगडापाशी उभं राहून, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगणं, एवढं मी त्यांचं देणं लागतो.